विश्लेषण : संध्याकाळी सात ते दहा… नोकरदार आईबाबांचे हे तीन तास फोनपासून कसे वाचवायचे?

मुलांच्या हातातल्या मोबाइलवर घराघरांत रोज वाद होतात. आईबाबांच्या हातातल्या मोबाइलवर मात्र फारसे बोलले जात नाही. ऑफिस सुटले तरी ऑफिसचे ग्रुप सुटत नाहीत आणि मुलांच्या वाट्याला येणारे दिवसातले मोजके तास त्यातच जातात. यावर कायदा काय म्हणतो, संशोधन काय सांगते आणि सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने काय केले, याचा आढावा.

प्रश्न सात ते दहाचाच का?

पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईच्या ऐरोलीत अमेरिकी कंपन्यांचे काम करणाऱ्यांना दोन देशांची घड्याळे सांभाळावी लागतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. तिकडच्या टीमची पहिली बैठक सुरू होते तेव्हा इथे मुलांचा गृहपाठ, जेवण आणि झोपायची वेळ असते.

ही अडचण फक्त आयटीवाल्यांची नाही. शाळेतल्या शिक्षकाला रात्री ग्रुपवर ‘तातडीने माहिती पाठवा’ असा संदेश येतो. अंगणवाडी सेविकेच्या नोंदी २०२१पासून ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर भराव्या लागतात आणि दिवसा नेटवर्क नसेल तर ते काम घरी येते. बँकेतल्या अधिकाऱ्याला उद्याच्या उद्दिष्टाचे मेसेज येतात, दुकानदाराला ग्राहकांचे.

आईबाबा दोघेही नोकरी करतात अशा घरात कामाच्या दिवशी सगळे एकत्र जागे असतात ते साधारण सकाळचा धावपळीचा एक तास आणि संध्याकाळचे दोन-तीन तास. सकाळ डबा, दप्तर आणि रिक्षा गाठण्यात जाते. म्हणजे निवांत बोलायला उरते ती संध्याकाळच. ऑफिसचा फोनही नेमका त्याच वेळी वाजत राहतो.

आईबाबा घरात असूनही फोनमध्ये असले, तर मुलांवर काय परिणाम होतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग थोडा वेळ ती बाळासमोरच बसून राहते, पण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून पाहते, बोट दाखवते, आवाज काढते. आई प्रतिसाद देत नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ होते, तोंड फिरवते, रडू लागते. हा प्रयोग झाला तेव्हा मोबाइल नव्हते. अलीकडे संशोधकांनी निर्विकार चेहऱ्याच्या जागी फोनमध्ये पाहणारी आई ठेवूनही असेच प्रयोग केले आणि तिथेही मुलांची अस्वस्थता दिसली.

बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या फास्ट फूडच्या रेस्टॉरंटमध्ये मुलांना घेऊन आलेल्या ५५ मोठ्या माणसांचे निरीक्षण केले होते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांपैकी ४० जणांनी जेवताना मोबाइल वापरला. फोनमध्ये पूर्ण गुंतलेल्यांचे लक्ष वेधण्यासाठी काही मुले जास्त दंगा करू लागली आणि मोठी माणसे त्यावर जास्त चिडून उत्तर देताना दिसली. हा प्रसंग मराठी घरांनाही अनोळखी नाही. पोर तीनदा हाक मारते, चौथ्यांदा ओरडते आणि बोलणी खाते ती त्या चौथ्या वेळची.

मोठ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट घडत असते. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की मन काही काळ पहिल्या कामातच रेंगाळते. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९मध्ये यावर अभ्यास मांडला आणि त्याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हणजे मागे उरलेले लक्ष असे नाव दिले. साहेबांचा मेसेज वाचायला दहा सेकंद लागतात; पण ‘उद्या सकाळी यावर बोलू’ एवढे वाचून फोन खाली ठेवला तरी पुढचा अर्धा तास मन उद्याच्या सकाळीच असते. मूल शाळेतली गंमत सांगत असते आणि समोरून नुसते ‘हो का, हो का’ येत राहते.

अर्थात यातल्या बऱ्याच अभ्यासांतून संबंध दिसतो, थेट कारण सिद्ध होत नाही. दमलेले आईबाप फोनकडे जास्त वळतात, असेही असू शकते. अधूनमधून फोन पाहिल्याने मुलाचे नुकसान होते, असा त्याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

पूर्वी वडील पेपर वाचायचेच की! मग फरक काय?

फरक आहे. बाबा पेपर वाचताहेत, आई मशीनवर ब्लाउज शिवते आहे, आजोबा जपमाळ ओढताहेत, हे मुलाला दिसायचे. काम कोणते, ते संपायला किती वेळ लागेल आणि मध्ये बोललेले चालेल का, याचा अंदाज त्याला असायचा. फोनवर विजेचे बिल भरणे, ऑफिसचा मेल पाहणे, आत्याच्या तब्येतीची चौकशी करणे आणि रील बघणे हे सगळे बाहेरून एकसारखेच दिसते. खाली घातलेली मान आणि हलणारा अंगठा. मुलाच्या दृष्टीने आई ‘मोबाइल बघतेय’ एवढेच. मग ‘तूही बघतेसच की’ हे उत्तर येते आणि त्यावर बोलता येत नाही.

त्यामुळे हातातले काम तोंडाने सांगणे, हा एक सोपा उपाय ठरतो. ‘पाच मिनिटे थांब, गॅसचे बुकिंग करते आणि येते’ असे म्हटले की मुलाला कामही कळते आणि वेळही. शिवाय, तोंडाने सांगायची वेळ आली की कारण नसताना फोन उचलला गेला, हे आपले आपल्यालाही कळते.

मग फोन घरातून हद्दपारच करायचा का?

तसे करून नोकरदार घर चालणार नाही. विरारहून चर्चगेटला जाणारी आई मूल शाळेतून घरी पोहोचले की नाही, हे फोनवरच विचारते. सांगलीत राहणारी आजी पुण्यातल्या नातवाशी व्हिडीओ कॉलवर बोलते. पाळणाघर, स्कूल व्हॅन, डॉक्टरांची वेळ, शाळेची फी सगळे फोनवर असते. घरून काम करण्याची सोय याच तंत्रज्ञानाने दिली आणि त्यामुळे अनेक जणींची नोकरी टिकली. डिलिव्हरी करणाऱ्या किंवा कॅब चालवणाऱ्या बापासाठी तर अ‍ॅप बंद म्हणजे त्या तासाची कमाई बंद आणि त्याच्या धंद्याची गर्दीची वेळही सात ते दहाचीच.

म्हणून ‘मोबाइल वाईट’ असा सरसकट निकाल कामाचा नाही. घराला जोडणारा फोन आणि घरातून ओढून नेणारा फोन हे एकाच डबीत आले आहेत. ते वेगळे कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे.

हा भार आई आणि बाबांवर सारखाच पडतो का?

नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत घरोघरी स्मार्टफोन, अ‍ॅपवरून किराणा आणि ऑनलाइन बिले आली तरी स्त्रियांची सुमारे दहाच मिनिटे वाचली. पुरुषांचा वाटाही तेवढाच कमी झाला.

या मिनिटांत न मोजले जाणारे एक काम फोनने वाढवले आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री नऊ वाजता ‘उद्या पिवळा ड्रेस आणि एक फळ’ असा मेसेज येतो. तो कोण वाचते? लसीकरणाची तारीख, व्हॅनवाल्या काकांची सुट्टी, वाढदिवसाचे आमंत्रण, सोसायटीतल्या पाण्याची वेळ हे सगळे बहुतेक घरांत आईच्या फोनवर येते. वडिलांचा फोन ऑफिसचा आणि आईचा फोन ऑफिसचा अधिक घराचा, अशी ही विभागणी असते. मग ‘तू सतत फोनवर असतेस’ हा आरोपही तिच्यावरच येतो.

त्यामुळे संध्याकाळी फोन बाजूला ठेवायचा नियम करण्याआधी फोनमधली कामे वाटून घ्यावी लागतात. शाळेचा ग्रुप बाबांकडे, व्हॅन आणि फी आईकडे किंवा उलट. ग्रुपमध्ये दोघे असून उपयोग नाही. ‘वाचायची जबाबदारी कोणाची’ हे ठरलेले हवे.

मुलांच्या स्क्रीनबद्दल तज्ज्ञ काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षापर्यंतच्या बाळाला स्क्रीनसमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगले, असे त्यात म्हटले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको म्हणते. अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडीओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली एक तास, पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी, अशी तिची शिफारस आहे.

मोठ्या मुलांचे चित्र ‘असर’च्या २०२४च्या अहवालात दिसते. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. घरातले मोठे दिवसभर बाहेर असतील तर या वयातल्या मुलांवर पासवर्डचा पहारा फार टिकत नाही. घरातले मोठे स्वतः पाळतात, ते नियम तुलनेने टिकतात.

मोहित्यांचे वडगाव या गावाने काय केले?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातले हे गाव २०२२मध्ये देशभर चर्चेत आले. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा सुरू झाल्या तरी ते सुटेनात, अशी शिक्षकांची तक्रार होती. गावातल्या महिलांच्या सभेत विषय निघाला आणि ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल. त्यानंतर साडेआठपर्यंत घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सुरुवातीला लोकांना हे पटेना. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

हा उपक्रम ‘डिजिटल उपवास’ म्हणून गाजला. पण त्यातल्या दोन गोष्टी शहरातल्या घरांनाही घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, बंदी फक्त मुलांवर नव्हती. बापाची क्रिकेटची मॅच आणि आईची मालिकाही थांबत होती. दुसरी, सगळ्यांचे एकाच वेळी बंद होते. एकट्याने फोन बंद ठेवला की आपले काही तरी राहून जाईल, अशी धाकधूक असते. सगळ्या गल्लीचाच फोन बंद असेल तर राहून जाण्यासारखे काही उरत नाही. नोकरदारांच्या बाबतीत मात्र ती गल्ली म्हणजे त्यांचे ऑफिस असते. घरातले चौघे राजी झाले आणि ऑफिसमधले चाळीस जण झाले नाहीत, तर घरचा नियम चार दिवस टिकतो.

ऑफिसच्या फोनला ‘नाही’ म्हणायचा कायदा आहे का?

काही देशांत आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामानंतरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१मध्ये बोजा उलटा टाकला. अत्यंत निकडीचे प्रसंग सोडता विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क साधू नये, हे तिथे मालकाचे कर्तव्य आहे.

ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन न घेण्याचा किंवा मेसेज न वाचण्याचा हक्क मिळाला. तिथे साहेबांना मेसेज पाठवायला बंदी नाही. उत्तर न देणे अवाजवी होते का, हे ठरवताना संपर्काचे कारण, त्याचा मोबदला आणि पद यांबरोबर कर्मचाऱ्याच्या कौटुंबिक जबाबदाऱ्याही विचारात घेतल्या जातात.

भारतात असा कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ हे खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडले. खासगी सदस्यांच्या विधेयकांचा इतिहास मात्र फारसा आशादायक नाही. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायदा बनली, शेवटचे १९७०मध्ये.

महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदल्याची तरतूद आहे. रोजची मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम ठेवली. पण रात्री सोफ्यावर बसून दिलेल्या उत्तरांची नोंद कुठल्याच मस्टरवर होत नाही. ती कामाची वेळ आहे की नाही, यावर कुणी बोलतही नाही.

कायदा होईपर्यंत ऑफिसात काय करता येईल?

बरेचसे टीमच्या पातळीवर ठरवता येते. ‘तातडीचे’ म्हणजे काय, याची व्याख्या आधी हवी. सर्वांत उपयोगी नियम असा : खरेच तातडीचे असेल तर फोन करायचा, मेसेज आणि मेल याचा अर्थ सकाळी पाहिले तरी चालेल. हे ठरले की संध्याकाळी दर पाच मिनिटांनी ग्रुप उघडून बघावा लागत नाही.

परदेशी टीमबरोबर काम असेल तर रात्रीच्या बैठका आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून घेणे आणि पाळीपाळीने हजर राहणे शक्य असते. मग मुलांनाही ‘मंगळवार-गुरुवारी आईची मीटिंग’ हे कळते. वरिष्ठांची जबाबदारी इथे अधिक. रात्री अकराला मेल लिहायचा असेल तर तो सकाळी नऊला जाईल असे शेड्युल करण्याची सोय बहुतेक मेलसेवांमध्ये आहे. साहेब ‘उद्या बघितले तरी चालेल’ असे लिहून मेसेज पाठवतात, तेव्हा वाचणारा तो आजच बघतो.

आणि घरात?

* वेळ छोटी, पण सगळ्यांची ठेवा. तीन तास जमणार नाहीत. जेवणाचा अर्धा तास आणि मूल झोपण्याआधीची वीस मिनिटे यापासून सुरुवात करता येते. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या किंवा एसटी चालकाच्या घरात ही वेळ दुपारची असू शकते.
* फोनला जागा द्या. चार्जर बेडरूममध्ये नको. हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या कट्ट्याजवळ ठेवा. उशाशी फोन लागतो तो गजरासाठी. त्याला साधे गजराचे घड्याळ पुरते.
* फोन पूर्ण बंद करण्याची गरज नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये आईवडील, शाळा, पाळणाघर आणि एखादा सहकारी यांचे कॉल वाजू देता येतात. थोड्या वेळात पुन्हा आलेला कॉल वाजेल, अशीही सोय आहे. अँड्रॉइडवरचे ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवरचे ‘स्क्रीन टाइम’ मुलांच्या आधी आपल्या फोनवर बघा.
* ऑफिसचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ते नाहीसे होत नाहीत, फक्त आपणहून समोर येत नाहीत.
* काम आलेच तर ते उठून, दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जाऊन करा आणि संपवून परत या. मुलाशेजारी बसून अर्धे काम आणि अर्धे मूल करण्यापेक्षा दहा मिनिटे पूर्ण जाणे बरे.
* मुलाला टोकायचा अधिकार द्या. ‘बाबा, जेवताना फोन’ असे त्याने म्हटले तर रागावण्याऐवजी फोन ठेवा. उद्या त्याच्या हातातला फोन ठेवायला सांगताना हेच उपयोगी पडेल.

हे जमले नाही तर?

काही दिवस जमणार नाही. मार्चअखेर, ऑडिट, परीक्षांचे निकाल, सणासुदीची विक्री अशा काळात घर मागे पडतेच. तेव्हा ‘या आठवड्यात मला रात्री काम आहे, रविवारपासून पुन्हा आपला नियम’ असे मुलाला सरळ सांगितलेले चांगले. मुलांना अडचण कळते. रोज अर्धवट मिळणारे लक्ष मात्र कळत नाही. नियम मोडला म्हणून तो रद्द करण्याची गरज नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केला तरी पुरेसे.

दहावीनंतर मुलांचे स्वतःचे क्लास, मित्र आणि फोन येतात आणि संध्याकाळी घरी कोण कोणाची वाट बघते, हे उलटे होते. तोवर रोज जेवणाचा अर्धा तास तरी फोन हॉलमध्ये राहावा, एवढे आजपासून ठरवता येण्यासारखे आहे.